बशीतली नोट

कळंब, २ ऑगस्ट

चि. सौ. शिवांजली,

आशीर्वाद घेशील की नाही ठाऊक नाही, तरी देऊन ठेवतो.

पंचमी झाली. तुझ्या आईनं शेजारच्या लिंबाला झोका बांधून घेतला होता. गल्लीतल्या सगळ्या लेकी आल्या, तू आली नाहीस. आईला फोनवर म्हणालीस, घरात कामं आहेत. तुझ्या सासऱ्यांच्या, आण्णासाहेबांच्या घरी दोन बाया आणि तीन गडी राबतात, हे लग्नाची यादी करताना त्यांनीच मला चार वेळा ऐकवलं होतं. तेव्हा कामाचं कारण दुसऱ्या कोणाला तरी सांग.

माझा फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर 'आईला द्या' एवढंच. म्हणून हे पत्र. शेंगपोळ्यांच्या डब्यात, तळच्या कागदाखाली ठेवतोय. वाचलंस की चुलीत घाल. सासरी कोणाच्या हाती लागलं तर माझ्या तोंडाला काळं, आणि तुझ्याही.

आता सरळ विचारतो. बापानं असं काय केलं? सुपारी फुटल्यावर येरमाळ्याच्या पुढं हायवेवरच्या त्या हॉटेलात आपण सगळे जेवलो. बिल आण्णासाहेबांनी दिलं. बडीशेपेची बशी आली तेव्हा त्यांनी पुन्हा पाकिटाला हात घातला, आणि त्यांच्या आधी मी बशीत पाचशेची नोट टाकली. मोठ्यानं म्हणालो, हे तुम्हा सगळ्यांना, गोड मानून घ्या. मुलीचा बाप मार्केट यार्डातला मापाडी असला तरी भिकारी नाही, एवढं त्यांना दिसायला हवं होतं. दिसलं. त्यांनी पाकीट परत खिशात घातलं. मग सगळे गाड्यांकडे गेले तेव्हा चष्मा विसरल्याचं सांगून मी मागं आलो, पाचशे उचलले आणि वीस ठेवले. तू हात धुवायला थांबली होतीस. तू पाहिलंस. एवढंच ना?

टीप द्यायचीच हा कुठला कायदा, ते तरी सांग. तीस वर्षं मी काटा धरतोय. मापात कधी खोट केली नाही. ठरलेली मापाई मिळते, तिच्यावर कोणी दमडी ठेवत नाही आणि मी मागत नाही. भर उन्हात पन्नास पोती मोजून दिली तरी कोणी पाणी विचारत नाही. मग ताट आणून ठेवलं म्हणून पाचशे कशाला? पगार मालकानं द्यायचा असतो. दहा-वीस ठेवावेत, माणुसकी म्हणून. तुझा नवरा लातूरला जेवायला गेला की बिलाच्या दहा टक्के ठेवतो म्हणे. ठेवू दे. त्याच्या बापाची चाळीस एकर बागायत आहे.

ते पाचशे मी पत्त्यात घालवले नाहीत. तुझ्या जोडव्यांत गेले. पायाकडे बघ.

तेरखेड्याला एका फटाक्याच्या शेडमध्ये दारू पेटली म्हणून पेपरात आलं होतं. दोन माणसं भाजली. दिवाळीचा माल भरायचे दिवस, असल्या बातम्या यायच्याच. नावं मी वाचली नाहीत. बाकी ठीक.

तुझा,
आबा


कळंब, २५ ऑगस्ट

चि. शिवांजली,

डबा परत आला. तू पत्र जाळलं नाहीस. त्याच कागदाच्या मागं पेन्सिलीनं एक ओळ लिहून पाठवलीस, 'भाजलेल्यांत रामलिंगकाका आहेत ना?'

आहे. तेरखेड्याशेजारी वाशीत राहतेस, तुला कळणारच होतं. मी नाव वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं.

एक ओळ का होईना, दीड वर्षानं तू मला लिहिलंस, म्हणून आता नीट लिहितो. तुझ्या डोळ्यांसमोर जे घडलं तेच पुन्हा लिहितोय, कारण ते पूर्ण माझ्या हातानं कागदावर कधी आलेलं नाही.

मी नोट उचलली तेव्हा रामलिंग तिथंच ताटं गोळा करत होता. पन्नाशीचा माणूस, अंगात पांढरा शर्ट, खांद्यावर फडकं. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. म्हणाला, "न्या पाव्हणं. लगीनघर हाय, लागतंय." बस. त्यानं तोंड वाकडं केलं असतं, दोन शब्द बोलला असता, तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो असतो की बघा, वेटर किती माजलेत.

त्या हॉटेलाची रीत मला तेव्हा माहीत नव्हती. तिथं टीप कोणी आपल्या खिशात घालत नसे. बशीत येईल ते गल्ल्याजवळच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. दर अमावास्येला दारात नारळ फोडला की डबा उघडायचा आणि वाढपी, भाकरी करणारी बाई, भांडी घासणारे, सगळ्यांनी सारखं वाटून घ्यायचं. डब्याची किल्ली रामलिंगच्या कमरेला असे. मालकाकडे नाही, रामलिंगकडे. नऊ वर्षं.

माझी नोट सगळ्यांनी पाहिली होती. पाहावी म्हणूनच मी ती उंच धरली होती. त्या महिन्याचा डबा दोन दिवसांनी उघडला तेव्हा त्यात पाचशेची एकही नोट नव्हती. रामलिंगनं सांगितलं, पाहुण्यानं परत नेली. दिलेली टीप परत नेणारा माणूस त्यांच्यातल्या कोणी कधी पाहिला नव्हता. मग मालकानं, विरुपाक्ष शेठनं, मला फोन लावला. त्या दिवशी आण्णासाहेब आपल्याकडे यादी करायला बसले होते. यार्डातल्या गोंगाटानं माझा डावा कान गेलाय, म्हणून मी फोनचा आवाज बाहेर ठेवतो. सगळ्या बैठकीनं ऐकलं. रामलिंग म्हणतोय तुम्ही नोट परत नेली, खरं का? मी हसून म्हणालो, "दिल्यालं कोण परत घेतंय व्हय?" बैठक हसली. आण्णासाहेब सगळ्यात जास्त हसले.

तू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होतीस. पाहुणे गेल्यावर मला म्हणालीस, "आबा, लग्न मोडलं तरी चालंल. त्यांना फोन करून खरं सांगा." मी तुला काय उत्तर दिलं ते मी इथं लिहीत नाही. तुला पाठ असेल.

परवा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मी रामलिंगकडे जाऊन आलो. वाशीच्या अलीकडे, ओढ्याकाठच्या वस्तीवर दोन खोल्या. त्याच्या बायकोनं, धुरपदाबाईंनी, मला ओळखलं नाही, बसायला घोंगडी टाकली, चहा ठेवला. आत खाटेवर तो पडला होता. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या, छातीलाही. त्यानं मात्र ओळखलं.

बाकीचं धुरपदाबाईंनीच सांगितलं, आपण कोणाला सांगतोय हे माहीत नसताना. डबा उघडल्या दिवशी मल्हारनं रामलिंगच्या थोबाडीत मारली. मल्हार त्याच्याच हाताखाली तयार झालेला, तिशीतला वाढपी, रामलिंगनंच त्याला हॉटेलात लावलं होतं. कमरेची किल्ली ओढून घेतली. मालक म्हणत होता, राहा, पाचशेनं काय होतंय. पण रामलिंग राहिला नाही. पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्या हॉटेलानं त्याला घेतलं नाही, त्याच्या आधी त्याचं नाव तिथं पोचलेलं असे. मग तेरखेड्याला शेडमध्ये वाती भरायला गेला.

मी घरात न सांगता दोन हजार नेले होते. ते उशाशी ठेवायला लागलो तर तो म्हणाला, "पैसं नगं. आवसंला डबा उघडत्यात, तवा समदी एका जागी आस्त्यात. तवा जाऊन एकडाव सांगा. मल्हारला ऐकू जाईल आसं सांगा."

मी हो म्हणालो, शिवांजली. सर्वपित्री अमावास्येला जातो म्हणून शब्द दिला. चहा प्यायलो आणि निघालो. धुरपदाबाई ओढ्यापर्यंत पोचवायला आल्या.

हे पत्र तरी जाळ.

आबा


कळंब, २३ सप्टेंबर

चि. शिवांजली,

काय पाऊस आहे बघतेसच. आपल्या परसात गुडघाभर पाणी, सोयाबीन सगळं काळं पडलं. यार्ड बंद आहे. रविवारी अमावास्या होती पण रस्ता बंद झाला, नाल्यावरून पाणी, एस.टी. सोडली नाही. माणसानं काय करावं? पुढच्या अमावास्येला नक्की जातो. ती दिवाळीचीच, सगळे हमखास सापडतील. एका महिन्यानं काही बिघडत नाही. रामलिंगला निरोप पाठवलाय.

तुझ्या आईचे गुडघे दुखतात. तिला फोन करत जा.

आबा


कळंब, ९ ऑक्टोबर

शिवांजली,

रामलिंग गेला. परवा पहाटे. छातीवरच्या जखमा आतून चिघळत गेल्या.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. रस्ता रविवारी संध्याकाळपर्यंत चालू होता. सकाळी एस.टी.नं मी गेलो होतो. पांढरं धोतर नेसून, टोपी घालून, काय बोलायचं ते एस.टी.त बसून मनात चार वेळा घोकलं होतं. उतरलो. पाऊस भुरभुरत होता. हॉटेलासमोर तुझ्या सासऱ्यांची पांढरी गाडी उभी होती. आण्णासाहेब छपराखाली खुर्ची टाकून, चार माणसं भोवती घेऊन चहा पीत होते. मी रस्ता ओलांडला नाही. अलीकडच्या पानटपरीवर तासभर उभा राहिलो, कात घातलेली सुपारी चघळत. गाडी हलली नाही, आणि मीही हललो नाही. मग कळंबची एस.टी. आली.

काटा धरून तीस वर्षं मी माणसं फसवली असती तरी मला एवढी लाज वाटली नसती. निरोप पाठवलाय असं लिहिलं होतं, तेही खोटं. निरोप कोणाजवळ आणि काय म्हणून पाठवणार?

काल मातीला... नाही, मातीलाही मी गेलो नाही. माती उरकल्यावर गेलो. धुरपदाबाई एकट्याच खोलीत होत्या. त्यांना आता सगळं माहीत आहे, शेवटी रामलिंगनंच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. उभ्या उभ्याच बोलल्या. अमावास्येच्या दिवशी त्यानं सकाळीच त्यांच्याकडून दाढी करून घेतली होती. शर्ट अंगात जात नव्हता, तर पांढरा शर्ट छातीवर नुसता पांघरून पडला. दुपारपासून विचारत होता, हाटेलातून कोणी आलं का? त्याची खात्री होती की मी सांगितलं की मल्हार तसाच फटफटीवर बसून येईल. अंधार पडला, पाऊस आत यायला लागला तरी त्यानं दार लावू दिलं नाही.

धुरपदाबाई म्हणाल्या, "सोमवारी बी आसंच. मंगळवारी म्हणला, लाव आता दार."

यापुढं मला लिहवत नाही.

आबा


कळंब, २२ ऑक्टोबर

शिवांजली,

हे पत्र डब्यातून येत नाहीये. पोस्टानं येतंय आणि पाकिटावर नाव आण्णासाहेबांचं आहे. तेच फोडतील, तेच आधी वाचतील. आण्णासाहेब, वाचत असाल तर विनंती आहे, मोठ्यानं वाचा, माजघरात माझ्या लेकीला ऐकू जाईल असं. सुपारीच्या जेवणात मी बशीत टाकलेली पाचशेची नोट तुम्ही पाहिली होती. ती मी तुमची पाठ वळल्यावर परत उचलली. हॉटेलातून फोन आला तेव्हा तुमच्यासमोर खोटं बोललो, आणि त्या खोट्यानं एक माणूस चोर ठरला. तो मेला. माझ्या मुलीनं मला त्याच दिवशी खरं सांगायला सांगितलं होतं, लग्न मोडलं तरी चालेल म्हणाली होती. तिचा यात काही दोष नाही. राग काढायचा तर माझ्यावर काढा, माझं घर कळंबला यार्डाच्या मागं आहे.

शिवांजली, याचं तुझ्या घरात काय होईल मला माहीत नाही. तुला विचारून करायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, हे मला दीड वर्षापासून माहीत आहे.

काल गेलो होतो. दिवाळीची अमावास्या, हॉटेलाला झेंडूच्या माळा, दारात फोडलेल्या नारळाचं पाणी. आत गर्दी होती, बायकापोरं घेऊन लोक जेवायला आलेले. मी गल्ल्यापाशी जाऊन विरुपाक्ष शेठना विचारलं, डबा किती वाजता उघडता? त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी बोट दाखवलं. डबा तिथंच होता, झाकण नसलेला. त्यात बिलाचे कागद टोचायच्या टाचण्या आणि दोन पेन होते. रामलिंगनं हॉटेल सोडल्यावर महिनाभरातच डबा बंद पडला. कोणाचा कोणावर भरवसा राहिला नाही. आता ज्याच्या टेबलावर येईल ते ज्याचं त्याचं, आणि भाकरी करणारीला काहीच नाही.

म्हणजे रामलिंग ज्या डब्याची वाट बघत होता तो दीड वर्ष उघडलाच नव्हता.

तरी मी सांगितलं. गल्ल्याला हात टेकवून, यार्डात भाव पुकारतात तसा आवाज काढून सांगितलं. मी कोण, नोट कधी टाकली, कधी उचलली, फोनवर काय बोललो. जवळच्या टेबलांवरचे लोक जेवायचे थांबले. भाकरी करणारी बाई परातीत हात तसाच ठेवून बघत राहिली. विरुपाक्ष शेठ मात्र माझा दंड धरून हळू म्हणाले, झालं गेलं, आता माणूसच राहिला नाही, सणाचा दिवस आहे, बसा, जेवून जा.

आणि मी बसलो. कशाला बसलो, अजून समजत नाही.

वाढायला मल्हार आला. पाणी ठेवलं, कांदा-लिंबू ठेवलं, ताट आणलं, भाकरी संपायच्या आत दुसरी गरम टाकली. रामलिंगनं शिकवलेलं असणार. ताटात टाकवत नव्हतं, सगळं खाल्लं. बिल आलं एकशे साठ. मी दोनशे दिले. सुटे चाळीस बडीशेपेच्या बशीत परत आले तेव्हा खिशातून पाचशेची नोट काढून त्यांच्यावर ठेवली. घरूनच घडी घालून नेली होती. तिचं काय व्हावं असं मला वाटत होतं, ते आता सांगायलाही लाज वाटते. मी ती ठेवीन, ते घेतील, आणि कुठंतरी काहीतरी फिटेल.

मी उठलो तर मल्हार बशी हातात घेऊन समोर उभा. म्हणाला, "नोट उचला."

मी म्हणालो, असू दे, तुम्हा सगळ्यांना आहे.

तो तसाच उभा राहिला. बशी माझ्या छातीपाशी धरलेली. बाजूच्या टेबलावरच्या बाईनं पोराला जवळ ओढलं. विरुपाक्ष शेठ गल्ल्यावरून त्याला हाक मारत होते, त्यानं वळून पाहिलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज बारीक होता, फक्त मला ऐकू येईल एवढा.

"ह्या नोटंसाठी म्या त्याच्या थोबाडीत मारली. ज्यानं मला वाढाय शिकवलं त्याच्या. उचला, पाव्हणं. म्या उभा हाय."

सगळं हॉटेल बघत होतं. त्या दिवशी मला पाहायला तू आणि रामलिंग, दोघंच होतात.

मी उचलली.

आबा